शिट्टी वाजवणाऱ्याचा हिशेब



मध्यंतरी एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या तालुक्यातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक आम्हाला भेटायला आले. ते आपल्या चर्चचे सभासद नाहीत, पण नाताळला फराळाला न चुकता येतात. आपल्यापैकी पुष्कळांना त्यांनी शाळेत पी.टी. शिकवली आहे, म्हणून नाव सांगत नाही. मंडळी पांगली, मुले सायकली घेऊन निघून गेली, तरी सर अंगणातल्या कडुनिंबाखाली उभेच होते. मुलाकडे मुंबईला जाऊन आले होते. नातवाला घेऊन दादरला शिवाजी पार्कवर गेले असताना त्यांनी तिथले रमाकांत आचरेकर सरांचे स्मारक पाहिले. ते सांगता सांगता एकदम म्हणाले, "फादर, मीही तीस वर्षं शिट्टी वाजवली. राज्यावर एक पोरगं गेलं नाही. दोघं विभागापर्यंत गेले, अन् पहिल्याच सामन्यात हरून परत आले. मंग मी काय केलं म्हणायचं?"

आम्ही सवयीने जे तोंडात आले ते बोलून गेलो. सर, तुम्ही चांगली माणसे घडवली, तेच खरे काम, वगैरे. सर हसले. लहान मुलाने पाठ केलेले बोलून दाखवावे तेव्हा आपण हसतो, तसे. "हे तर निरोप समारंभात सगळेच बोलतात, फादर," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या डोक्यात आहे. सेमिनरीत आम्ही तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, परीक्षा दिल्या, पदवी घेतली. पण एका पी.टी.च्या सरांना धड उत्तर देता आले नाही. आज या पत्रकाच्या निमित्ताने ते उत्तर शोधून पाहतो. सर हे वाचतील, याची आम्हाला खात्री आहे. आपले पत्रक त्यांच्या घरी पोहोचते.

सुरुवात आचरेकर सरांपासूनच करू. त्यांचा जन्म १९३२ साली मालवणचा. पुढे मुंबई, स्टेट बँकेतली नोकरी आणि क्लब क्रिकेट. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच खेळले, १९६३-६४ च्या हंगामात, स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेत. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द एवढीच. त्यांनी तिथेच थांबून आयुष्यभर कुरकुर केली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी शिवाजी पार्कच्या धुळीत नेट लावले, कामत मेमोरियल क्लब चालवला, शारदाश्रम विद्यामंदिराच्या मुलांना शिकवले, आणि हे काम अनेक दशके केले. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

त्यांची पद्धत सगळ्यांना ऐकून माहीत आहे. सचिन तेंडुलकर ११ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ अजित त्याला सरांकडे घेऊन गेला. पहिल्या दिवशी पोरगा बिचकला, नीट खेळेना. भावाने विनंती केली, की सर, तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून बघा. सरांनी झाडाआडून पाहिले, आणि पोरगा मोकळा खेळला. मग सुरू झाले ते दिवस! सकाळी नेट, दुपारी सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या ६० दिवसांत ५५ सराव सामने. एका मैदानावर बाद झाला, की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. संध्याकाळी स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवायचे. जो बाद करील, नाणे त्याचे. कोणीच बाद केले नाही, तर सचिनचे. अशी १३ नाणी सचिनने आजवर जपून ठेवली आहेत. शेवटी पॅड आणि ग्लोव्हज घालूनच मैदानाला दोन फेऱ्या. आपल्याकडे रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईला ही दिनचर्या सांगितली, तर तिला त्यात विशेष काही वाटणार नाही. पण शाळकरी पोराच्या मानाने ती कडकच.

आता मुद्द्याकडे येतो. सचिनच्या यशाचे श्रेय आपण आचरेकर सरांना देतो. सगळा देश देतो. त्याच सरांच्या हाताखाली, त्याच शाळेत, विनोद कांबळीही होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात या दोघांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. डाव घोषित करा म्हणून बाहेरून निरोप येत होते आणि ही दोघे तिकडे बघायचेच टाळत होती, अशी हकीकत सांगतात. पुढे १९९३ साली विनोदने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली. १७ कसोटींत ५४ ची सरासरी. आणि १९९५ साली, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, त्याची शेवटची कसोटी होऊनही गेली. २०२४ च्या त्या स्मारकाच्या समारंभात, आजारपणाने थकलेला विनोद सचिनचा हात धरून बसला होता. हे दृश्य टीव्हीवर पाहून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल.

मग प्रश्न असा, की सचिन सरांचा असेल तर विनोद कोणाचा? यश गुरूच्या खात्यात आणि अपयश शिष्याच्या खात्यात, असा हिशेब कुठल्या सावकाराने मांडला?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवत असताना हाच प्रश्न हाताळला होता. एक माणूस दुसऱ्याला खरोखर शिकवू शकतो का? त्यांचे म्हणणे आम्हाला तेव्हा पुस्तकात कोरडे वाटले होते, आता वाटत नाही. ते वैद्याचे उदाहरण घेतात. ताप उतरतो तो रोग्याच्या शरीरात जी बरे होण्याची शक्ती असते तिच्यामुळे. वैद्य त्या शक्तीला मदत करतो. शिकणेही तसेच. कळण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या आत असते, शिक्षक बाहेरून हात देतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर शेतकरी पेरतो, डवरतो, निंदतो, पण उगवण त्याच्या हातात नसते. संत पॉलनेही करिंथच्या लोकांना लागवड आणि पाणी घालणाऱ्यांचे उदाहरण देऊन हेच समजावले होते.

हे मान्य केले, की विनोदचा बोजा सरांच्या डोक्यावरून उतरतो. पण त्याबरोबर सचिनचा मुकुटही उतरतो. दोन्ही एकदम. आम्हाला वाटले, मिळाले उत्तर! आपल्या पी.टी.च्या सरांना सांगू, की राज्यावर पोरगे गेले नाही यात तुमचा दोष नाही, कारण गेले असते तरी ते तुमचे श्रेय नव्हते.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर या युक्तिवादातली फट दिसली. शेतकरी उगवण आणू शकत नाही हे खरे. पण तो पीक जाळू शकतो की नाही? तणनाशकाची मात्रा चुकली, तर उभे सोयाबीन पिवळे पडते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वैद्य आपल्या बळावर कोणाला बरे करू शकत नसेल, पण चुकीच्या औषधाने मारू शकतो. म्हणजे हा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखा नाही. घडवण्यात शिक्षकाचा वाटा अर्धामुर्धा, पण मोडण्यात तो पुरा असू शकतो. मग सरांनी आम्हाला विचारलेला प्रश्नच बदलतो. किती घडवले हे मोजण्याआधी, कोणाला मोडले, हे विचारावे लागते.

आणि हे विचारायला लागलो, तर पहिले नाव आमचेच निघते.

वीसेक वर्षांपूर्वी, नवे नवे फादर असताना, आमच्याकडे एका बोर्डिंगची मुले होती. ठिकाण सांगत नाही. आम्ही व्हॉलीबॉलचा संघ तयार केला होता आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता. त्यात एक मुलगा तीन वर्षे राखीव होता. उंचीने कमी, पण सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. नेट बांधायचा तोच, बॉलमध्ये हवा भरायचा तोच. तिसऱ्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. निर्णायक सेटमध्ये आमची आघाडी एवढी होती, की कोणालाही उतरवले असते तरी जिंकलो असतो. आम्हाला ते सुचले नाही, असे म्हणणे खोटे होईल. सुचले होते. पण फरक मोठा दिसावा, असे आम्हाला वाटत होते.

दहा-बारा वर्षांनी मलकापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना एका एस.टी. कंडक्टरने आम्हाला ओळखले. तोच मुलगा! वाकून नमस्कार केला, आग्रहाने चहा पाजला, बायकोमुलांचे फोटो दाखवले. बोलता बोलता हसत म्हणाला, "फादर, त्या फायनलला माझी आई आली होती बघायला. शेताची मजुरी बुडवून आली होती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी आली, त्याने आमची पिशवी डब्यात चढवून दिली. अकोल्यापर्यंत आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

सर पुन्हा आले तेव्हा हे त्यांना सांगितले. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी सगळ्यांना खेळवायचो, फादर. खो-खो असो, कबड्डी असो, कोणी बसून राहायचं नाही. म्हणूनच तर हरायचो."

हे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. आतापर्यंत आम्ही समजत होतो, की सरांना यश मिळाले नाही. पण यश न मिळण्याचे कारण त्यांनी स्वतः, जाणूनबुजून, दर सामन्याला निवडले होते! मग ते चूक की बरोबर?

झटकन 'बरोबर' म्हणून मोकळे होऊ नका. ॲरिस्टॉटलने एक उदाहरण दिले आहे. चांगल्या बासऱ्या वाटायच्या झाल्या, तर कोणाला द्याव्यात? श्रीमंताला नाही, कुळवंताला नाही, देखण्यालाही नाही. जो उत्तम वाजवतो त्याला, कारण बासरी त्यासाठीच असते. आचरेकर सरांच्या स्कूटरची मागची सीट एकच होती. तिच्यावर त्यांनी सचिनला बसवले. नेटमधल्या बाकीच्या मुलांवर तो अन्याय झाला का? आम्हाला तसे वाटत नाही. क्रिकेट शिकवायला बसलेल्या माणसाने सीट क्रिकेटला दिली. उलट, सगळ्यांना सारखे म्हणून त्यांनी रोज एकेकाला फिरवले असते, तर कोणाचेच भले झाले नसते.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजू अशी, की वस्तू कशासाठी आहे ते आधी ठरवावे लागते. शाळेचा पी.टी.चा तास कशासाठी असतो? सरकार पगार देते ते राज्य संघासाठी खेळाडू शोधायला, की साठ पोरांच्या वर्गातल्या साठही पोरांचे अंग मोकळे व्हावे म्हणून? तास साठांचा असेल, तर सगळ्यांना खेळवणारा शिक्षक हा कमी पडलेला आचरेकर ठरत नाही. त्याचे काम वेगळे आहे आणि ते तो नीट करतो आहे. आमच्या बोर्डिंगचा संघही खरे तर साठांच्या तासातलाच होता. बोर्डिंगचे प्रमुख असूनही आम्ही स्वतःला प्रशिक्षक समजून बसलो, ही आमची गफलत.

इथे समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगावीशी वाटते. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. ते धर्मशास्त्र शिकलेले होते. पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू. पुढे कॅन्सस विद्यापीठात ते प्रशिक्षक झाले, तिथे त्यांचा हिशेब होता ५५ विजय आणि ६० पराभव. ज्याने खेळ जन्माला घातला, तोच त्या विद्यापीठाच्या इतिहासातला एकमेव प्रशिक्षक, ज्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त! आमच्या सरांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोकळे हसले.

त्याच खेळातले जॉन वुडन हे कॉलेजच्या प्रशिक्षकांमधले फार मोठे नाव. १९४८ ते १९७५ अशी २७ वर्षे ते लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए.चे प्रशिक्षक होते. शेवटच्या १२ हंगामांत १० राष्ट्रीय विजेतेपदे. जगाला हे १० आकडे माहीत आहेत. पण पहिले विजेतेपद आले १९६४ साली, म्हणजे तिथे रुजू झाल्यावर सोळाव्या हंगामात. पंधरा वर्षांनंतर कोणी त्यांना घरी पाठवले असते, तर आज त्यांचे नाव कोणाला माहीत असते? नव्या मुलांना ते पहिल्या दिवशी मोजे नीट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर मुलगा खेळू शकत नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा पहिला धडा मोज्यांचा.

पण आम्हाला त्यांच्याविषयी सर्वांत आवडते ती गोष्ट या सगळ्याच्या आधीची आहे. १९४७ साली ते इंडियाना राज्यातल्या एका साध्या कॉलेजला शिकवत होते. संघ चांगला खेळला आणि राष्ट्रीय स्पर्धेचे बोलावणे आले. अट अशी, की काळ्या खेळाडूंना प्रवेश नाही. त्यांच्या संघात क्लॅरन्स वॉकर नावाचा एक काळा मुलगा होता, तोही मुख्य पाचांतला नव्हे. त्याला घरी ठेवून सहज जाता आले असते. वुडन यांनी बोलावणेच नाकारले. पुढच्या वर्षी ती अट उठली, संघ गेला, वॉकर खेळला. त्या १९४७ च्या न खेळलेल्या स्पर्धेची नोंद कुठल्याही विजयाच्या यादीत नाही. आम्हाला मात्र मलकापूरचा तो कंडक्टर आठवत राहतो.

आता शाबासकीविषयी थोडे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निवृत्तीचे भाषण करताना सचिन म्हणाला, की २९ वर्षांत सरांनी एकदाही 'चांगला खेळलास' असे म्हटले नाही. मी डोक्यात हवा घालून घेईन, अशी त्यांना काळजी होती. आता मी खेळणारच नाही, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, अशी गोड पुस्तीही त्याने जोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही टीव्हीसमोर बसून वाजवल्या. पण मग मनात आले, की आपल्याकडे किती बाप असे आहेत, ज्यांनी मुलाला कधी 'बरे केलेस' म्हटले नाही आणि जे हे भाषण ऐकून खूश झाले असतील? सचिनला सरांची माया स्कूटरवर दिसत होती. रोज एवढा वेळ आपल्यासाठी घालवणारा माणूस बोलला नाही, तरी पोराला कळते. वेळही द्यायचा नाही आणि शब्दही द्यायचा नाही, तर त्याला आचरेकर सरांचे नाव देऊ नये.

तसेच त्या प्रसिद्ध थपडेचे. सामना सोडून सचिन वानखेडेवर शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना बघायला गेला, सरांनी विचारले, त्याने थाप मारली, आणि सरांनी अशी लगावली, की हातातला डबा उडाला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असा खेळ, असे त्यांनी त्याला सुनावले. सचिन ही गोष्ट कृतज्ञतेने सांगतो. पण ज्याने पुस्तक लिहिले त्याचीच साक्ष आपल्याकडे आहे. थप्पड खाऊन जी मुले मैदानावर परत आलीच नाहीत, ती कुठल्या मैदानावरची असोत, त्यांना कोणी विचारायला जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांवर हात उगारायला बंदी केली. ती योग्यच आहे, आणि थोर माणसाच्या चरित्रातली थप्पड दाखवून ती सैल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एवढे बोलून आचरेकर सरांवर आमचा राग आहे, असे समजू नका. त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट आम्हाला स्मारक पाहून नव्हे, तर वर्तमानपत्रातल्या क्रीडापानावरून हळूहळू कळली. त्यांच्या शिष्यांची यादी म्हटली, की आपण सचिन, विनोद, प्रवीण आमरे, अजित आगरकर, १९८३ च्या अंतिम सामन्यात ग्रीनिजचा त्रिफळा उडवणारा बलविंदरसिंग संधू, अशी नावे घेतो. ते खेळाडू. पण त्यातले पुढे शिकवायला बसले किती, ते बघा. लालचंद राजपूत २००७ साली टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे व्यवस्थापक होते. रमेश पोवार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले.

आणि चंद्रकांत पंडित! हे नाव आपण विदर्भातल्या माणसांनी तरी विसरू नये. साठ वर्षे विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत हरण्यासाठीच उतरतो, अशी समजूत होती. आपण बुलढाणेकर तर त्याची बातमीही वाचत नसू. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक होते पंडित. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला पुन्हा जिंकला. आचरेकर सर जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पुढे पंडित मध्य प्रदेशाला गेले. १९९९ साली मध्य प्रदेशाचेच कर्णधार असताना बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीचा अंतिम सामना त्यांच्या हातून निसटला होता. २०२२ च्या जून महिन्यात, त्याच मैदानावर, प्रशिक्षक म्हणून त्यांनी तो जिंकला आणि त्यांना रडू आवरले नाही. समोर कोण होते? मुंबई. मुंबईचे प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकर सरांचेच विद्यार्थी.

हा अमोल मुझुमदार म्हणजे १९८८ च्या त्या सामन्यात पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज. आत सचिन आणि विनोद ६६४ धावा काढत होते, आणि बाहेर हा आपली पाळी येईल म्हणून थांबला होता. पाळी आली नाही. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या. पदार्पणातला तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतके. तरी भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्या पिढीत मधल्या फळीत जागाच नव्हती. २०१४ साली तो निवृत्त झाला. हिशेबाच्या वहीत 'राहून गेलेला' असा शेरा मारून आपण पान उलटले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच मुझुमदार भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात मुली लागोपाठ तीन सामने हरल्या, तेव्हा टीका झाली. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठले, आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीतने मैदानातच प्रशिक्षकाच्या पायांना हात लावला. त्या वेळी आचरेकर सर जाऊन सहा वर्षे होऊन गेली होती. १९८८ साली त्यांना कोणी विचारले असते, की या तिघांपैकी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला शिकवील कोण, तर त्यांनी कोणाचे नाव घेतले असते, देव जाणे.

शिक्षकाने आपला हिशेब कधी करायचा? निवृत्तीच्या दिवशी? मेल्यावर? ३७ वर्षांनी? आम्ही वरच्या हिशेबाला फार तर एक पुरवणी जोडू शकतो, की वही अजून उघडी आहे. पण हेही सरांना सांगताना आम्ही जपून बोललो, कारण प्रत्येकाच्या वहीत नवी मुंबईची रात्र येतेच असे नाही. न येणारीच जास्त.

सरांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक होता, फादर. डावखुरा. त्याचा हात असा होता, की सांगता येत नाही. त्याला जास्त वेळ द्यायला पाहिजे होता मी. सगळ्यांना सारखं खेळवण्यात तो राहून गेला." आम्ही विचारले, आता तो कुठे आहे? म्हणाले, नळगंगेच्या बाजूला शेती करतो, त्याचा मुलगा आठवीत आहे. डावखुराच आहे.

यावर आम्ही काही बोललो नाही. त्यांना समजवावे, असे काही आमच्याजवळ नव्हते. त्यांच्या हातून चूक झाली, हे त्यांचे म्हणणे खरे असू शकते, आणि सगळ्यांना खेळवणे बरोबर होते, हेही खरे असू शकते. आमच्या चुकीला मात्र अशी दुसरी बाजू नाही.

जाताना सरांनी आवारातल्या बास्केटबॉलच्या खांबाकडे पाहिले. रिंग एका बाजूने वाकली आहे, जाळी तर कधीच गेली. "फादर, ही सरळ करून घ्या. शनिवारी पाच वाजता येतो मी. पोरींनाही पाठवा." वेल्डिंगवाल्याला आम्ही सांगितले आहे, तो गुरुवारी येतो म्हणाला. ज्यांना मुलामुलींना पाठवायचे असेल, त्यांनी पायात बूट आणि मोजे घालून पाठवावे. बॉल सध्या एकच आहे.